अव्दो मिस्त्रीची शिट्टी आणि अकरा वर्षांचा अबोला

अव्दिया सुल्यागिच, म्हणजे आमच्या दरीतला अव्दो मिस्त्री, याने बायकोशी एक शब्दही न बोलता अकरा वर्षं उत्तम संसार केला. याचं निम्मं श्रेय त्याच्या हट्टाला, निम्मं त्याच्या बायकोच्या हट्टाला आणि उरलेलं सगळं रेल्वेला.

आमच्याकडे इंजिन चालवणाऱ्याला मिस्त्री म्हणतात. अव्दो सोळाव्या वर्षी इंजिनं पुसायला लागला, चोविसाव्या वर्षी कोळसा टाकायला आणि तिसाव्या वर्षी चालवायला. द्रेनोव्याहून यासेनला जाणारी ही लाइन, त्रेचाळीस किलोमीटरची, सात बोगद्यांची. तिच्याबाहेरचं जग त्याने फक्त लष्करात पाहिलं, आणि ते त्याला आवडलं नाही. फार सपाट होतं म्हणे.

लाइन बांधली ऑस्ट्रियन लोकांनी, वरच्या जंगलातलं लाकूड खाली न्यायला. त्यात माणसंही बसतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. अव्दोचा आजा सांगायचा, की ऑस्ट्रियन इंजिनियर आला, त्याने आमच्या लोकांकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, यांना एवढी पुरे. आज्याने तिसरा बोगदा खणला. त्यात त्याची दोन बोटं गेली आणि जर्मन शिव्या मिळाल्या. त्या शिव्या पुढे तीन पिढ्या घरात वापरात होत्या. अव्दोच्या बापाने पंचवीस वर्षं रुळांचे बोल्ट आवळले. महायुद्धात दगडी पूल तीनदा उडवला गेला. दुसऱ्या वेळचा सुरुंग खुद्द अव्दोनेच लावला होता, जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या पार्टिझनांत असताना. पुढे शांतता झाल्यावर तोच पूल बांधायला तोच दगड वाहत होता. मुकादम ओरडायचा, "कोणत्या गाढवाने इतका पक्का सुरुंग लावला रे?" अव्दो खाली मान घालून दगड उचलायचा.

गाडीचा वेग असा, की चढावर पुढच्या डब्यातून उतरलेला माणूस अळंब्या गोळा करून मागच्या डब्यात चढायचा. बेचाळीसाव्या किलोमीटरवर हनीफाबाईचं घर. तिचा पालक भरलेला पिटा भट्टीतून निघायला उशीर असला, की गाडी थांबायची. नोंदवहीत कारण लिहिलं जायचं : वाफ कमी. वरच्या कचेरीतून एकदा पत्र आलं, की या इंजिनात बरोबर बेचाळीसाव्या किलोमीटरवरच वाफ कशी कमी होते याचा शोध घ्यावा. शोध घ्यायला माणूस आला. त्यालाही पिटा दिला. त्याने अहवालात लिहिलं : वाफ कमी.

अव्दोचं घर तिसाव्या किलोमीटरवर, वळणाच्या वर, टेकाडावर. खालून गाडी आली, की वळणाआधीच्या खडकापाशी तो शिट्टी द्यायचा. प्रत्येक मिस्त्रीची शिट्टी वेगळी असते. बायका ती ऐकून चुलीवर काय ठेवायचं ते ठरवतात. अव्दोची शिट्टी एक लांब आणि मागे थरथरती शेपटी. लांब म्हणजे मी ठीक आहे, संध्याकाळी येतो. वर दोन आखूड म्हणजे उशीर होईल. शेपटीचा अर्थ काय, असं त्याच्या कोळसेवाल्याने, गाव्रोने, एकदा विचारलं होतं. अव्दो म्हणाला, "काही नाही. दोरीच तशी सुटते." गाव्रो त्याच इंजिनावर चौदा वर्षं उभा होता. दोरी तशी सुटत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. पण तो गप्प बसला, आणि गाव्रोचं गप्प बसणं ही दरीत वर्षातून एखाद्या वेळी घडणारी गोष्ट.

झुम्रा, म्हणजे अव्दोची बायको, सज्जाच्या कठड्यावर कपडा टाकून उत्तर द्यायची. पांढरा पंचा म्हणजे ऐकलं. निळं ॲप्रन म्हणजे पीठ संपलं. लाल शाल म्हणजे जर्मनीहून लेकीचं पत्र आलं. आणि अव्दोची लोकरी लांब विजार लटकत असली, की ती चिडलेली आहे. सगळी गाडी डाव्या खिडक्यांना लोंबकळून या संसाराची खबर घ्यायची.

"मिस्त्री, आज विजार!" मागच्या डब्यातून कोणीतरी ओरडायचं.

"दिसली," अव्दो म्हणायचा.

"दोन्ही पाय खाली आहेत. चांगलीच चिडली आहे वहिनी."

"दिसलं म्हणतो ना!"

आता हा अबोला कशावरून, ते सांगितलं पाहिजे. कॉफीवरून.

आमच्याकडे पाहुण्याला तीन कॉफ्या देतात. पहिली स्वागताची. दुसरी गप्पांची. तिसरी आली, की पाहुण्याने टोपी शोधायची. तोंडाने कोणी कोणाला जा म्हणत नाही, आम्ही सभ्य लोक आहोत. कॉफी म्हणते. एकोणीसशे त्रेसष्टच्या मे महिन्यात रेल्वेचा एक निरीक्षक, त्राव्निकचा माणूस, सारायेव्होच्या मोठ्या लाइनवर नव्या इंजिनासाठी माणूस निवडायला आला होता. निवड जवळजवळ अव्दोचीच होती. त्याने निरीक्षकाला घरी आणलं. झुम्राने दारातच कॉफी दिली. मग अव्दो त्याला मधमाश्यांची पोळी दाखवायला मागे घेऊन गेला. झुम्रा तिकडे कॉफी उकळायचा पितळी जेझवा घेऊन गेली आणि दोघांच्या पेल्या पुन्हा भरल्या. मग ते घरात आले, बसले, निरीक्षकाने खिशातून कागद काढला, चष्मा लावला, आणि झुम्राने पुन्हा कॉफी आणली.

निरीक्षकाने पेलीत पाहिलं. चष्मा काढला. कागद खिशात घातला. टोपी घेतली, झुम्राचे फार फार आभार मानले आणि निघून गेला. नवं इंजिन दुसऱ्याच कोणाला मिळालं.

"तिसरी दिलीस!" अव्दो म्हणाला.

"दुसरी होती," झुम्रा म्हणाली. "पोळ्यांपाशी दिली ती पहिल्याच जेझव्यातली उरलेली होती. ती वेगळी धरत नाहीत."

"पेली ती पेली! जेझवे मोजतात का कधी?"

"माझ्या माहेरी जेझवेच मोजतात."

"तुझ्या माहेरी पाहुणा येतोच कुठे?"

हे शेवटचं वाक्य नको होतं. झुम्रा म्हणाली, "दुसरी होती असं म्हणशील त्या दिवशी बोलेन." अव्दो म्हणाला, "तिसरी होती असं तू म्हणशील त्या दिवशी मी बोलेन." आणि दोघं इरेला पेटली. तुर्कांनी आम्हाला कॉफी दिली आणि हट्टही दिला. कॉफी निदान थंड होते.

पहिली सहा वर्षं लेक निरोप पोचवायची. "सेनिया, तुझ्या बापाला सांग सूप निवतंय." बाप शेजारीच बसलेला. "सेनिया, तुझ्या आईला सांग मीठ कमी आहे." मग सेनिया लग्न करून श्टुटगार्टला गेली. ती लग्न करून गेली की सुटून गेली, यावर दरीत दोन मतं आहेत. त्यानंतर घरातलं मांजर निरोप्या झालं. दोघंही त्याच्याशी भरभरून बोलायची. साऱ्या बोस्नियात इतकी माहिती असलेलं दुसरं मांजर नसेल. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात ते म्हातारपणाने मेलं. दोघांनी मिळून त्याला प्लमच्या झाडाखाली पुरलं. कुदळ अव्दोने चालवली, माती झुम्राने लोटली, आणि दोघं मांजरासाठी रडली, बाजूबाजूला उभी राहून, एकमेकांकडे न बघता.

म्हणजे आता उरली फक्त शिट्टी.

आणि पुढच्याच फेब्रुवारीत द्रेनोवा स्टेशनाच्या भिंतीवर कागद चिकटवला गेला, की ऑक्टोबरपासून लाइन बंद. त्याआधी समिती आली होती. तिच्यातला एक साहेब चुकून कोंबड्यांच्या खुराड्यावर बसला आणि तेव्हाच आमचं भवितव्य ठरलं असावं. डांबरी रस्ता झाला होता. बस एका तासात वर जात होती. आमची गाडी तीन तास घ्यायची, पिटा असला तर साडेतीन.

लोक हळहळले. कोणी म्हणालं, आता लाकूड कसं उतरणार. कोणी म्हणालं, आजीच्या गावाला कसं जाणार. अव्दो इंजिनाला तेल घालत राहिला. पण चौथ्या बोगद्यात, जिथे काळोखात कोणाचं तोंड कोणाला दिसत नाही, तो गाव्रोला म्हणाला, "गाव्रो, मला पेन्शन देतायत."

"बरंय की. मला तर बसडेपोत झाडू देतायत."

"तुला कळत नाहीये. मी घरी बसणार. दिवसभर."

गाडी बोगद्यातून बाहेर आली तेव्हा गाव्रो फावडं टेकून त्याच्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. दोन माणसं, एक चूल, सगळा दिवस, आणि ना लेक, ना मांजर, ना शिट्टी. "अरे देवा," गाव्रो म्हणाला. मग त्याने भट्टीत तीन फावडी जास्त टाकली, कारण याहून चांगलं सांत्वन त्याला येत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात इंजिनावर तालीम सुरू झाली. जागा उत्तम होती. तिथल्या आवाजात कोणी खून कबूल केला तरी ऐकू जात नसे. गाव्रो डोक्याला तेलाचं फडकं बांधून झुम्रा व्हायचा.

"बोल. मी झुम्रा."

"झुम्राला मिशा नाहीत."

"मिशांकडे बघू नकोस. डोळ्यांकडे बघ."

"डोळेही तुझेच आहेत. कालच्या राकियाने लाल झालेले."

"मिस्त्री, बोलतोस की टाकू फावडं?"

अव्दोने घसा साफ केला. "झुम्रा, आज हवा बरी आहे."

"अकरा वर्षांनी हवा? अरे बाबा, ती झाडू घेईल. माझाच हात शिवशिवतोय."

"मग काय म्हणू?"

"म्हण, दुसरी होती."

"तिसरी होती!"

"तुला नक्की आठवतं?"

अव्दोने दाबाचा काटा बघितला, बिनगरजेचा. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "नाही आठवत. दारात दिली, ती आठवते. पोळ्यांपाशी मधमाशी चावली, तेही आठवतं. पेली होती की नव्हती, आईशपथ आठवत नाही."

"मग सोड की!"

"आठवत नाही म्हणून मागे हटू? असा कसा हटणार?"

गाव्रोने डोक्याचं फडकं काढलं आणि शांतपणे विचारलं, "तुला सारायेव्होला जायचं होतं का रे खरंच?"

पुढे खडक आला आणि अव्दोने शिट्टी दिली, एक लांब, आणि मागे शेपटी. त्या दिवशी शेपटी जरा जास्तच लांबली.

सप्टेंबर संपेस्तोवर त्याचा निर्णय झाला. शेवटची गाडी वर पोचवायची, घरी जायचं, बूट काढायचे, आणि म्हणायचं : दुसरी होती. तीन शब्दही नाहीत. तो इंजिनाच्या आवाजात दिवसातून चाळीस वेळा ते म्हणायचा. गाव्रो प्रत्येक वेळी "बरं, बस" म्हणायचा. आरशात बघून दाढी करतानाही त्याने एकदा म्हणून पाहिलं, तोच दारात झुम्रा पाण्याची बादली घेऊन उभी. तिने फक्त त्याचे ओठ हललेले पाहिले. अव्दोने गाल कापून घेतला.

ऑक्टोबरातला तो शनिवार. इंजिनाला देवदाराच्या फांद्या बांधल्या होत्या. चार डब्यांत चौदा डब्यांची माणसं होती. जे लोक गेली दहा वर्षं मोटारीने जात होते, तेच सगळ्यांत मोठ्याने रडत होते. एकजण ॲकॉर्डियन वाजवत होता, दोघी त्याला गप्प बसायला सांगत होत्या आणि पाचजण गात होते. आंतो कंडक्टरने नवी टोपी घातली होती. ती त्याने बावीस वर्षं चांगल्या प्रसंगासाठी जपून ठेवलेली. आता घातली नाही तर पुढे घालायला प्रसंगच नव्हता.

"मिस्त्री," तो इंजिनापाशी येऊन म्हणाला, "मागे एका मेंढ्याची पैज लागली आहे. आज घरी गेल्यावर आधी कोण बोलणार."

"कोणावर जास्त?"

"कोणावरच नाही. दोघंही बोलणार नाहीत याच्यावर सगळी दरी."

गाडी सुटली. खडक आला. अव्दोने शिट्टी दिली. सज्जा समोर आला, आणि कठड्यावर काहीच नव्हतं.

ना पंचा, ना ॲप्रन, ना शाल. विजारसुद्धा नाही.

डाव्या बाजूला इतकी माणसं वाकली, की डबे कलायला लागले. "निम्मे उजवीकडे व्हा!" आंतो ओरडला. "उलटू आपण! शेवटच्या दिवशी उलटायचंय का?" कोणी हललं नाही. अव्दोने पुन्हा शिट्टी दिली. घर तसंच. दार बंद. धुराड्यातून धूरही नाही. अकरा वर्षांत कठडा कधी रिकामा नव्हता. बर्फातही नाही, सेनिया श्टुटगार्टला गेली त्या दिवशीही नाही. ती तापाने अंथरुणाला खिळली होती तेव्हादेखील कोणाकडून तरी पंचा टाकून घेतला होता तिने. अव्दोचा हात दोरीवरच राहिला. गाव्रोने पाहिलं, की काजळीखालचा त्याचा चेहरा पांढरा झालाय.

"पडली असेल," अव्दो म्हणाला. "गाव्रो, पडली असेल ती कुठेतरी."

"किंवा श्टुटगार्टला गेली असेल."

"तू गप्प बस!"

वळण संपलं, आणि गाव्रो किंचाळला, "ब्रेक! मिस्त्री, ब्रेक!"

रुळांच्या मधोमध झुम्रा उभी होती. ईदचा रेशमी रुमाल डोक्याला, पायात नवे बूट, दोन्ही हात कमरेवर. अव्दोने असा ब्रेक मारला, की मागे ॲकॉर्डियन एकाच सुरात किंचाळलं आणि बंद झालं. इंजिन तिच्यापासून पाच पावलांवर थांबलं. ती हलली नव्हती. इंजिन वाफ सोडत होतं, ती रुमाल सारखा करत होती.

मग ती बाजूने चालत आली आणि इंजिनाच्या पायरीपाशी थांबली. चार डबे श्वास रोखून होते.

झुम्राने वर पाहिलं. "हात दे," ती म्हणाली.

अव्दोची दिवसातून चाळीस वेळा घोटलेली दोन शब्दांची सगळी तयारी त्याच्या टोपीतून उडून गेली. "पायरी उंच आहे," तो म्हणाला.

"दिसतंय मला. गुडघे माझे आहेत."

त्याने हात दिला. अकरा वर्षं त्याने रोज सकाळी तिच्या हातून भाकरीचं गाठोडं घेतलं होतं, पण हात धरला नव्हता. तो हात मधल्या काळात हलका झाला होता. हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला कोणाचा तरी फार राग आला. पण कोणाचा ते कळेना.

"वहिनी, इथे बसा," गाव्रोने कोळशाच्या ढिगावर आपला कोट पसरला.

"तुझ्या कोटापेक्षा कोळसा स्वच्छ असेल," झुम्रा म्हणाली, आणि बसली.

चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं म्हणजे रुसलेलं गाढव हलवणं. रुळांवर ओली पानं. चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. गाव्रो खाली उडी मारून रुळांवर वाळू टाकत होता, आंतो नवी टोपी सांभाळत उतारूंना उतरून ढकलायला सांगत होता. धूर, वाफ, कडकडाट, आरडाओरडा. अव्दोला वाटलं, हीच वेळ. या आवाजात म्हणून टाकू. तिला ऐकू गेलं तर गेलं, नाही तर घरी पुन्हा म्हणू. त्याने दांडी ओढली, तोंड तिच्याकडे केलं आणि सगळा जीव एकवटून ओरडला. त्याच क्षणी चाकांनी वाळू पकडली, कडकडाट थांबला आणि इंजिन मुकाट पुढे सरकलं. त्या अचानक पडलेल्या शांततेत दोन आवाज एकदम घुमले.

"दुसरी होती!" अव्दो ओरडला.

"तिसरी होती!" झुम्रा ओरडली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. अकरा वर्षं तो तिसरी म्हणत होता आणि ती दुसरी. आता तो दुसरी म्हणत होता आणि ती तिसरी. पळत येऊन पायरीवर लटकलेल्या गाव्रोच्या हातून वाळूची बादली सुटली ती थेट दरीत गेली.

"काय म्हणालीस?"

"तिसरी होती म्हणाले. मोजून दिली होती."

"मोजून?"

"पहिली दारात. दुसरी पोळ्यांपाशी. मग त्याने तो कागद काढला. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिसरी ठेवली." झुम्रा रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुला घेऊन चालला होता तो. मोठ्या इंजिनावर. तिकडे काय, एक रूळ जाणारा, एक येणारा, शंभर इंजिनं. तिकडे कोण कोणाच्या घरासाठी शिट्टी मारतो? तू रात्री कधी आलास, कधी गेलास, जिवंत आहेस की नाहीस, मला भिंतीवरच्या घड्याळाने सांगायचं का?"

"मग अकरा वर्षं दुसरी दुसरी का म्हणत होतीस?"

"तू माझ्या माहेरचं काढलंस म्हणून."

खरं तर अव्दोचाच विजय झाला होता. अकरा वर्षं तो जे म्हणत होता तेच खरं निघालं होतं. दुसरा कोणी असता तर उडी मारली असती. पण चांगल्या बोस्नियन माणसाने एकदा शब्द दिला, की तो स्वतःच्या फायद्यासाठीसुद्धा मागे घेत नाही.

"दुसरी होती," तो म्हणाला.

"अरे, मी केली ना कॉफी! मला माहीत असणार की तुला?"

"पोळ्यांपाशीची धरत नाहीत. त्याच जेझव्यातली उरलेली होती ती."

"नव्हती उरलेली! नवी चढवली होती!"

"तुला आठवत नाही. म्हातारी झालीस."

"तू म्हातारा झालास! तुझ्या नाकातले केस पांढरे झाले, अकरा वर्षं सांगेन म्हणते!"

"मला कोणीतरी सांगायला नको होतं का मग?"

"मांजराला सांगितलं होतं मी!"

मागच्या डब्यांत बातमी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेली. बोलतायत. कोण आधी बोललं? दोघं. काय म्हणतायत? भांडतायत. कशावरून? कॉफीवरूनच. म्हणजे काही बदललं नाही तर! नाही रे, बाजू बदलल्या! ॲकॉर्डियनवाल्याने पुन्हा सूर लावला. पैजेचं काय करायचं ते कोणालाच ठरवता येईना. शेवटी पैजेचा मेंढा सगळ्यांनी मिळून खायचा ठरलं.

बेचाळीसाव्या किलोमीटरवर हनीफाबाई पिटा घेऊन रुळांपाशी उभी होती, रडून डोळे सुजलेली. गाडी तिच्यासमोरून तशीच निघून गेली. तिच्या जन्मात असं पहिल्यांदाच झालं. "वाफ जास्त आहे!" गाव्रो तिला ओरडून म्हणाला. आंतोने शेवटच्या डब्यातून उतरून पिटा घेतला आणि धावत येऊन पुन्हा चढला.

यासेनला फलाटावर बँड होता, हार होता आणि जिल्ह्याचा अध्यक्ष हातात सात पानी भाषण घेऊन उभा होता. भाषण झालं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की आता कॉम्रेड सुल्यागिच इंजिनातून उतरून हार स्वीकारतील. सगळे इंजिनाकडे बघायला लागले. कॉम्रेड सुल्यागिच उतरले नाहीत. आतून आवाज येत होते.

अध्यक्ष गाव्रोला म्हणाला, "त्यांना सांगा, आम्ही थांबलो आहोत."

"कॉम्रेड," गाव्रो म्हणाला, "ते त्रेसष्टपासून थांबलेत. आज त्यांचं होऊ द्या."

शेवटी हार इंजिनालाच घातला. बँड वाजला. पाहुण्यांसाठी दोन बसगाड्या आणल्या होत्या. लोक रडले, मेंढ्याची आठवण झाल्यावर गप्प झाले, गाडीच्या डब्यांवर हात फिरवून बसमध्ये चढले आणि खाली गेले. गाव्रोने भट्टी विझवली. राख काढली. मग त्यानेही टोपी काढून इंजिनाच्या गरम पोटावर एकदा गाल टेकवला, कोणी बघत नाही असं पाहून, आणि शेवटची बस पकडली.

अव्दो आणि झुम्रा खाली उतरली तेव्हा फलाटावर फक्त फांद्यांची पानं आणि बँडवाल्यांच्या सिगारेटची थोटकं होती.

"बस कुठे आहे?" झुम्राने विचारलं.

"गेली."

"मग परतीची गाडी कधी?"

अव्दोने तिच्याकडे पाहिलं. गेली बावीस वर्षं रोज दुपारी अडीचला ती परतीची गाडी तोच घेऊन जायचा. "झुम्रा," तो म्हणाला, आणि ते नाव तोंडातून कसं निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही, "आता परतीची गाडी नाही."

ऊन अजून चांगलं होतं. तेरा किलोमीटर उतार. दोघं रुळांमधून चालायला लागली. लाकडी फळ्या अव्दोच्या पावलाला फार जवळ पडत होत्या आणि झुम्राच्या पावलाला फार लांब, म्हणून तो अडखळत होता आणि ती उड्या मारत होती.

"हळू चाल," ती म्हणाली. "नवे बूट आहेत."

"हळूच चालतोय."

"बरं, ऐक. तू बोलणं सोडलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाय व्याली. ते तुला सांगायचं राहिलं."

"वासरू बघितलं होतं मी."

"बघितलं असशील. पण कशी व्याली ते कुठे माहीत आहे तुला? सकाळी मी गोठ्यात गेले, तर…"

अव्दोने तिची उडी चुकू नये म्हणून कोपर पुढे केलं. तिने ते धरलं आणि गाय, मग शेजारच्यांची विहीर, मग सेनियाचे शाळेतले मार्क असं एकेक सांगत निघाली. तिसाव्या किलोमीटरवर घर आलं तेव्हा ती कशीबशी पासष्टच्या हिवाळ्यापर्यंत पोचली होती. अव्दोने फाटक उघडलं, आणि ती पुढचं सांगत आत गेली.